रॅम्पवरची रांगोळी

मंडळी, भाच्याच्या लग्नातून आत्ताच घरी आलोय.

माझी बायको मीना व्हीलचेअर वापरते. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या त्या हॉलला चक्क रॅम्प होता. आम्ही हरखलो. पण रॅम्पभर रांगोळी घातलेली: 'सुस्वागतम्'.

"चाकांनी पुसेल हो!" नवरीची मावशी कळवळली. मग चौघांनी मीनाला न विचारताच खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवल्या. तिचा पदर घसरला, फोटोग्राफरने तेवढ्यात फोटो काढला. "पुण्य लागतं असं उचललं की," एक काका खूश.

जेवताना मावशींनी मला विचारलं, "गोड चालतं का यांना?"

"मावशी, पाय गेलेत, तोंड शाबूत आहे," मीना म्हणाली. सगळे हसले. ती नाही हसली.

आधी आम्ही जर्मनीत राहायचो, तिथे शेजाऱ्यांनी आम्हाला कधी चहालाही बोलावलं नाही. पण मीना एकटी बसने बाजारात जायची आणि कुणी वळूनही बघायचं नाही. आपल्या माणसांत राहायचं म्हणून नाशिकला परतलो.

आत्ता ती म्हणाली, "यापुढे तू एकटाच जात जा. मी नाही घराबाहेर पडणार."

आपली माणसं तर ढीगभर आहेत, मंडळी. हिला घेऊन जाऊ कुठे?