महालक्ष्म्यांची बाळं आणि माझी वही

आमच्या महालक्ष्म्यांची बाळं हरवली तेव्हा मी त्यांच्यापासून चार हातांवर बसले होते. नुसती बसले नव्हते, ती कशी हरवताहेत ते वेळेसकट वहीत लिहून घेत होते.

त्याचं असं झालं. बी.एस्सी. झाल्यावर मला देवासच्या एका कॉलेजातला बाल आणि युवा कार्याचा कोर्स करायचा होता. बाबांना वाटत होतं मी बँकेच्या परीक्षेचा क्लास लावावा. (बाबांनी जन्मभर बँकेला शिव्या घालत बँकेत नोकरी केली. घराण्याची परंपरा मी पुढे चालवावी, एवढीच इच्छा!) शेवटी तह झाला. देवासला नंबर लागला तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं क्लास.

इंटरव्ह्यूला जाताना एक वही न्यायची होती. एका मुलाचं किंवा मुलीचं सलग तीन दिवस निरीक्षण करून त्यात लिहायचं. वर ठळक अक्षरांत सूचना: 'निरीक्षक हस्तक्षेप न करे.' आधी मी शेजारचा गोलू निवडला. दुसऱ्याच दिवशी तो गच्चीच्या कठड्यावर चढला. मी वही टाकून धावले, त्याचा पाय धरला आणि त्याला खाली ओढला. झालं, हस्तक्षेप! (गोलू वाचला, पण माझं काय?) ती पानं खोडली. इंटरव्ह्यूला जेमतेम पाच दिवस उरले होते. तेवढ्यात महालक्ष्म्यांसाठी देवासहून दादा, वहिनी आणि त्यांची पाच वर्षांची सानू धारला आली. या खेपेला आभाळ कोसळलं तरी मधे पडायचं नाही, असं मी ठरवलं.

दुसरा दिवस पुरणावरणाचा. आई सोवळ्यात, चुलीवर सोळा भाज्यांचं रण. (चूल म्हणजे गॅसच, पण आई सोवळ्यात असली की आम्ही त्याला चूलच म्हणतो.) बाहेरच्या खोलीत दोन्ही महालक्ष्म्या उभ्या, आणि त्यांच्यापुढे त्यांची दोन बाळं. वीतभर उंचीची, पितळेच्या तोंडांची, मुलाला टोपी, मुलीला परकर. सानू त्यांच्यासमोर फतकल मारून बसली होती.

"आत्या, ही दोघं कालपासून उभीच आहेत?"

मी उत्तर दिलं नाही. उत्तर म्हणजे हस्तक्षेप.

"यांच्याशी कुणी खेळत नाही?"

मी लिहिलं, 'बालिकेत सहानुभूती दिसते.'

"बोर हो गए होंगे बेचारे," सानू म्हणाली. (शाळेत जायला लागल्यापासून तिची दया हिंदीतूनच येते.) मग तिनं एक बाळ या काखेत घेतलं, एक त्या काखेत, आणि मागच्या दारानं बाहेर पडली. मी खिडकीशी गेले. बोळाच्या पलीकडे अंगणवाडी आहे, सानू तिच्यात शिरली. मी घड्याळ बघून लिहिलं आणि परत जागेवर येऊन बसले.

अर्ध्या तासानं आई नैवेद्याचं ताट घेऊन आली आणि दारातच थबकली.

"बाळं कुठायत?"

दादा पलंगाखाली शिरला. बाबांनी भर दुपारी मोरीत टॉर्च मारला. सवाष्णी पाटांवर बसून होत्या. गुरुजी म्हणाले, "काकू, मला अजून दोन घरं आहेत. नैवेद्य दाखवून घेऊ या का?"

"लेकरांना टाकून आया जेवतील का हो?" आईनं ताट मागे घेतलं. मी सांगायला उठणार होते, पण डोळ्यांपुढे बँकेचा क्लास उभा राहिला.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "वन्सं, तुम्ही इथंच होतात ना?"

"हो."

"मग काही दिसलं नाही?"

"दिसलं."

"काय दिसलं?"

"ते इंटरव्ह्यू होईपर्यंत सांगता येत नाही."

दादानं माझ्या हातातली वही ओढली आणि सवाष्णींसमोर मोठ्यानं वाचली. "'अकरा पाच. बालिकेने दोन्ही बाळं उचलली. पकड घट्ट. अकरा सात. मागच्या दाराने प्रस्थान. नेतृत्वगुण दिसतात. अकरा आठ. अंगणवाडीत प्रवेश.' अगं ए शहाणे!"

आई सोवळ्यानिशी निघाली, मागे आम्ही सगळे, सगळ्यांत मागे गुरुजी. अंगणवाडीत पोरं पंगतीला बसली होती, आणि त्यांच्या मधोमध भिंतीला टेकून आमची बाळं! पुढे वाट्या, पितळेच्या तोंडांना खिचडी.

"बच्ची बोली, घर में सब काम में लगे हैं, इनको कोई देखता नहीं," अंगणवाडीची दीदी दादाला म्हणाली. "तो हमने बिठा लिया, भिया."

"आजी, दोघांनी सगळं संपवलं," सानूनं सांगितलं.

गुरुजी हळूच म्हणाले, "म्हणजे नैवेद्याआधीच उष्टं..."

आता सानूचं काही खरं नाही, असं मला वाटलं. आई खाली बसली. पदरानं तिनं दोन्ही बाळांची तोंडं पुसली. "लेकरांचं कसलं हो उष्टं," ती म्हणाली. "भूक लागली असेल." मला एकदम भरून आलं. पण ते वहीत कुठे लिहायचं ते कळेना, म्हणून लिहिलंच नाही.

इंटरव्ह्यूच्या मॅडमनी सगळी वही वाचली.

"दो बच्चे अकेले थे. लड़की ने उन्हें बाहर निकाला, साथी दिलाए, खाना खिलाया. बढ़िया. और आपने क्या किया?"

"हस्तक्षेप नहीं किया, मॅडम."

"लड़की कितने साल की है?"

"पाँच."

"तेरह साल बाद भेज दीजिए."

मी वही घ्यायला हात पुढे केला, पण मॅडम सुरुवातीची खोडलेली पानं उलटू लागल्या. "ये काट क्यों दिया? गोलू गिरा क्या?"

"नहीं मॅडम. पैर पकड़ लिया था."

त्यांनी त्या खोडलेल्या पानावर बरोबरची खूण केली. यादीत माझं नाव शेवटचं लागलं, पण लागलं. आई म्हणते, ही जेवल्या बाळांची कृपा. दादा म्हणतो, सानूच्या वशिल्यानं. कॉलेजच्या पहिल्याच दिवशी एक फॉर्म आला, त्यात रकाना होता: 'बच्चों के साथ काम का अनुभव.' मी खरं तेच लिहिलं: एक पाय, एकदाच.