परतीचा सलाम
पितळेच्या पॉलिशचा वास आला की मला आमच्या रोहणा गावची तापलेली वाट दिसते. स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. फौजेतला काका वर्दीतच सुटीवर आला होता, पट्ट्याचं बक्कल लखलखत होतं. आजोबा आणि मी त्याला घरी आणत होतो. वाटेत पाटील भेटले तसे आजोबा सवयीनं जोहार करायला वाकले. काकानं मात्र टाचा जुळवून सलाम ठोकला आणि हात तसाच ठेवला. "हात खाली काऊन नाई घेत बे?" पाटलांनी विचारलं. "तुमी सलाम परत देल्याशिवाय नाई घेता येत. आमच्यात जनरलसाहेबबी देते." पाटलांचा हात हळूहळू कपाळापर्यंत गेला. ते बक्कल आता मी घासते, तेव्हा आजोबा आठवतात. त्या संध्याकाळी अंगणात त्यांनी एवढ्याशा मला सलाम केला, आणि मी परत देईपर्यंत हात खाली घेतला नाही.