करडीच्या तेलासाठी बाळापूरला

नांदेडहून हिंगोलीच्या बसमध्ये बसले तेव्हा नुकतंच उजाडत होतं. रेल्वेतली रात्र अर्धवट झोपेत गेली होती. खिडकीबाहेर माघ सरतानाचं पातळ धुकं होतं, आणि त्या धुक्यातून मधूनच एखादं पिवळंधम्मक अंगण वर यायचं, मागे सरकायचं, विरून जायचं. मला वाटलं, कसली तरी फुलं असतील.

"हळद हाय ती," शेजारच्या बाई म्हणाल्या. "शिजवून वाळू घातली. तुमी हिकडच्या न्हाईत वाटतं?"

"नाशिकहून आले. आखाडा बाळापूरला मैत्रिणीकडे चाललेय."

"काहून? कार्यक्रम हाय का काही?"

"तेल बघायला," मी म्हणाले. बाईंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, मग पदर डोक्यावर ओढून डोळे मिटले.

खरंच तेल बघायलाच निघाले होते. मागच्या महिन्यात माझ्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि डॉक्टर म्हणाले, तेल जरा बघून खात जा. म्हणून दुकानात गेले, तर फडताळभर पिशव्या. एकीवर सूर्यफूल, एकीवर सोयाबीन, एकीवर भाताचा कोंडा. आणि जवळजवळ सगळ्यांवर लालचुटुक हृदय काढलेलं. कुठलं घ्यावं ते कळेना. घरी येऊन सुषमाला फोन लावला. सुषमा माझी कॉलेजच्या वसतिगृहातली खोलीसोबतीण, आता बाळापूरजवळच्या एका उपकेंद्रात नर्स. तिच्या नवऱ्याने, प्रल्हादने, वर्षभरापूर्वी लाकडी घाणा सुरू केला होता. ती म्हणाली, "फोनवर काय सांगू? करडी काढायला आलीय. ये, डोळ्यानं बघ." करडी म्हणजे आपली करडई.

बाळापूरला उतरले तेव्हा धुकं वर गेलं होतं. फाट्यावर चहाच्या टपऱ्या, ट्रकांची रांग, भाजीच्या पाट्या. सुषमा स्कूटी घेऊन उभीच होती. "बारीक झालीस गं," म्हणाली, आणि माझी पिशवी पायाशी ठेवून घराऐवजी थेट शेताकडे निघाली. "ऊन चढलं की काही बघायला मिळत न्हाई."

करडीचं शेत मी पहिल्यांदाच पाहत होते. फुलांचा केशरी रंग कधीच उडून गेलेला. वाळक्या, काटेरी झाडांचा एक फिकट सोनेरी थर पार नाल्यापर्यंत गेला होता आणि त्याच्यावर दंव चमकत होतं. बाया हाताला फडकी गुंडाळून कापत होत्या. दंव असतं तोवर काटे मऊ राहतात, ऊन झालं की हात लावू देत नाहीत, म्हणून हे काम पहाटेचंच. कुणी फारसं बोलत नव्हतं. विळ्यांचा खसखस आवाज तेवढा येत होता, आणि त्या आवाजात मी बांधावर बसल्या बसल्या चक्क डुलकी काढली. जाग आली तेव्हा दंव सुकलं होतं, बाया बांधावर भाकरी सोडत होत्या, आणि एकीने माझ्या तळहातावर एक बोंड (करडीचं काटेरी फळ) फोडून ठेवलं होतं. आत पांढरेशुभ्र, दातांसारखे दाणे. एक चावून पाहिला. टणक साल, आणि आत शेंगदाण्याहून हलका, जरासा कडवट गोडवा.

प्रल्हादचा घाणा घराला लागूनच आहे. निळ्या भिंतीचं घर, ओसरीत बुद्धाची छोटी मूर्ती, आणि बाजूला पत्र्याची लांबट शेड. शेडच्या मधोमध लाकडाची मोठी उखळ आणि तिच्यात तिरपा फिरणारा लाकडी दांडा. बैलाच्या जागी आता मोटर आहे, पण फिरणं बैलाच्याच चालीने. प्रल्हादने दाणे ओतले, वरून ओंजळभर पाणी शिंपडलं. बराच वेळ नुसतं करकरणं. मग दाण्यांचा ओलसर लगदा उखळीच्या कडेला चढू लागला, आणि खालच्या पन्हाळीतून एक बारीक, पिवळी धार सुटली. शेडभर वास पसरला. भाजलेल्या गव्हासारखा, ऊन खाल्लेल्या गवतासारखा. मला नेमकं नाव देता येईना.

"हात लावा ताई," प्रल्हाद म्हणाला. "तेल गरम न्हाई. गिरकीच इतकी धीमी हाय."

उरलेली ढेप (तेल काढल्यावरचा चोथा) गुरांना जाते. तेल पिंपात नुसतं ठेवून देतात, गाळ तळाला बसला की वरचं निवळ तेल कापडातून काढतात. एवढंच. मी विचारलं, मग पिशवीतलं तेल इतकं पाण्यासारखं कसं? सुषमाने सांगितलं. सोयाबीनमध्ये तेल थोडं असतं, ते नुसत्या दाबाने पुरतं निघत नाही. म्हणून कारखान्यात त्याचा चुरा रसायनात भिजवून तेल ओढून घेतात, रसायन उडवून लावतात, मग तेल धुतात, रंग काढतात, वाफेने वास काढतात. ते तेल टिकतं, तळताना लवकर धुरकटत नाही. "ते विष हाय असं मी म्हणत न्हाई," ती म्हणाली. "पण घाण्याच्या तेलात वास आन् चव राहती, म्हणून थोडक्यात भागतं. भागलं पाह्यजे. न्हाईतर तेलाची धार तीच आन् नाव तेवढं बदललं, असं होतं."

जेवताना ते पटलं. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि त्यावर कच्च्या तेलाचा एक चमचा. एका चमच्याने अख्खं ताट भरल्यासारखं झालं होतं.

जेवण उरकून ओसरीत टेकले, तेवढ्यात फाटकातून एक बाई आल्या. हिरवं लुगडं, हातात रिकामा डबा. गयाबाई त्यांचं नाव. शिरड शहापूरकडून बस बदलत आल्या होत्या.

"भाऊ, त्येच तेल द्या. लई गुणाचं निघालं. आमच्या मालकाच्या तर बीपीच्या गोळ्या सुटल्या."

सुषमा ताटं आत नेत होती. ती तिथेच थांबली. "सुटल्या म्हणजे? डॉक्टरनं बंद केल्या?"

"डॉक्टर कशाला? त्येंनीच सोडल्या. तुमच्या बोर्डावर लिवलंय न्हवं का, बीपी बरा करतं म्हणून. भाऊनंच वाचून दाखवलं व्हतं की त्यांना."

मी वळून पाहिलं. शेडच्या दारावर रंगवलेली पाटी होती; सकाळी तिच्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. 'शुद्ध करडी तेल. बीपी, शुगर, हृदयरोग मुळापासून बरे.' प्रल्हादने मोटर बंद केली. शेडमध्ये एकदम इतकी शांतता झाली की पन्हाळीतून ठिबकणारं तेल ऐकू येऊ लागलं.

"मी तुमाला तवाच म्हणले होते," सुषमा हळू आवाजात त्याला म्हणाली. मग गयाबाईंकडे वळली. "मावशी, त्यांचं डोकं दुखतंय का?"

"दुखतंय की दोन-चार दिसांपासून. उन्हाचं असंल. आज बी म्हणले, डोळ्यापुढं धुरकट दिसून राहिलं."

सुषमाने आतून बीपीचं मशीन आणलं. प्रल्हादने पिकअपची किल्ली घेतली. आम्ही तिघी पुढच्या बाकावर दाटीने बसलो, गयाबाईंचा रिकामा डबा माझ्या मांडीवर.

तो रस्ता मला एखाद्या स्वप्नासारखाच आठवतो. आडवाटेची डांबरी सडक, दोन्ही बाजूंना हळद शिजवण्याच्या मोठ्या लोखंडी टाक्या, त्यांच्यातून निघणारी पांढरी वाफ सडकेवर आलेली. गाडी वाफेत शिरायची आणि क्षणभर सगळं नाहीसं व्हायचं. मातकट, उबदार वास तेवढा राहायचा. बाहेर आलं की पुन्हा पिवळी अंगणं, वाळत टाकलेली हळद पायाने परतणाऱ्या बाया. इतकं सुंदर होतं सगळं, आणि गाडीत कुणी श्वाससुद्धा मोकळा घेत नव्हतं. गयाबाई एकदाच बोलल्या. "सिस्टर, माझंच चुकलं का?"

"न्हाई मावशी. तुमचं काहीच न्हाई."

गयाबाईंचे मालक किसनराव त्यांच्या आखाड्यावर (शेतातला गोठा आणि राहण्याची जागा) होते. कडुलिंबाखाली बाज, बाजेवर ते, तोंडावर टॉवेल. गयाबाई धावत गेल्या आणि टॉवेल ओढला. त्यांनी डोळे उघडले. मला वाटतं, आम्ही चौघांनी एकदमच श्वास सोडला.

सुषमाने दंडाला पट्टा बांधला. मशीन घरघरलं. तिने आकडा पाहिला, थोडं थांबून पुन्हा मोजलं. चेहरा तिने मुळीच हलू दिला नाही. "मामा, दवाखान्यात चलायचं. आत्ता."

"काहून? मी बरा हाय. तेल खाऊन राहिलो की रोज. सकाळी चमचाभर पितो बी."

"तेल जेवणात घ्यायचं, गोळी गोळीच्या जागी घ्यायची. एकाचं काम दुसरं करत न्हाई."

म्हाताऱ्याने प्रल्हादकडे पाहिलं. "मंग बोर्डावर लिवलंय ते?"

प्रल्हाद बाजेच्या पायथ्याशी उभा होता. एका झाडाच्या सावलीत आम्ही सगळे, आणि कुठून तरी हळदीची वाफ वाऱ्यावर येत होती. त्याला काहीही म्हणता आलं असतं. सुषमाही त्याच्याकडेच पाहत होती.

"खोटं हाय मामा," तो म्हणाला. "गिऱ्हाईक यावं म्हणून मी लिवलं. तुमाला वाचून बी मीच दाखवलं. तेल चांगलं हाय, पण त्यानं बीपी बरा होत न्हाई."

किसनरावांनी टॉवेल खांद्यावर टाकला. मग त्यांनी हात पुढे केला, आणि प्रल्हादने त्यांना धरून उठवलं.

सरकारी दवाखान्यात संध्याकाळपर्यंत बसलो. डॉक्टरांनी औषध दिलं, पुन्हा पुन्हा तपासलं, आणि गयाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, वेळेवर आणलंत; अजून दोन दिवस गेले असते तर काय झालं असतं ते सांगवत नाही. उन्हं उतरली तेव्हा किसनरावांची डोकेदुखी ओसरली होती. खाटेवरून त्यांनी सुषमाला विचारलं, "सिस्टर, गोळ्या सोडत न्हाई आता. पण तेलाचं काय करू? खाऊ का टाकून देऊ?"

सुषमा दिवसभरात पहिल्यांदा हसली. "खा की. खुशाल खा. चमच्यानं मोजून घ्या, वरून धार नका धरू. सकाळचं पिणं बंद करा. आन् भजी तळलेलं तेल परत परत कढवू नका. कधी करडी, कधी शेंगदाणा, बदलून खाल्लं तर आणिकच चांगलं."

"मीठ?"

"मीठ बी कमी."

"मंग जगायचं कशाला," ते म्हणाले, आणि गयाबाई पदर तोंडाला लावून हसता हसता रडायला लागल्या.

परत येताना सूर्य हळदीच्या अंगणांवर टेकला होता. पिवळं कुठे संपतं आणि ऊन कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. प्रल्हाद गाडी सावकाश चालवत होता. बाळापूरच्या अलीकडे तो म्हणाला, "ज्येंना ज्येंना तेल दिलं, त्या समद्यांना फोन लावावा लागंल."

"मी बसते तुमच्याबरोबर," सुषमा म्हणाली. घरी पोचल्यावर हातपाय धुवायच्या आधी त्याने स्टूल घेतलं आणि पाटीवर चुन्याचा हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. निवळलेलं तेल गडद काचेच्या बाटलीत भरून सुषमाने दिलं. उजेडापासून दूर ठेव, फार दिवस साठवू नको, म्हणाली. गाडीत बसल्यावर मला जाणवलं, मी इतक्या लांब एक उत्तर आणायला आले होते: कुठलं तेल खाल्लं म्हणजे आपल्याला काही होणार नाही? तसं तेल कुठेच नव्हतं. होतं ते एवढंच, की पहाटे बाया काटे सोसून करडी कापतात, तिच्यातून एक बारीक धार निघते, आणि ती थोडी पुरते. मला ते पुष्कळ वाटलं.

नाशिकला पोचले त्या संध्याकाळी मेथीची भाजी केली. लसूण तेलात पडला आणि वास जिन्यापर्यंत गेला असावा, कारण शेजारच्या वहिनी दारात आल्या. बाटली हातात घेऊन त्यांनी उजेडाकडे धरली.

"नवीन दिसतंय. कशावर चांगलं असतं हे?"

"मेथीवर," मी म्हणाले. "या, बसा. भाकरी टाकते."