घंटेनंतरचा ठोसा

उत्तरेश्वर आणि मी मुरूमच्या शाळेत एका बाकावर बसायचो. बारावीनंतर तो फौजेत गेला, मी डी.एड. करून गावातच मास्तर झालो. त्याची सहा फुटांची उंची अन् नव्वद किलोचं वजन तिथल्या कुणीतरी हेरलं आणि हातात बॉक्सिंगचे ग्लोव्हज दिले. सतरा वर्षं तो पलटणीकडून हेवीवेट गटात खेळला. चार रौप्यपदकं मिळाली, सुवर्ण एकही नाही. चारही वेळा अंतिम लढतीत त्या वर्षीच्या चॅम्पियननं त्याला हरवलं.

निवृत्त होऊन तो उमरग्यात एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहायला लागला. पोट सुटलं. मुलगी निकिता सहावीत गेली. तेवढ्यात उमरग्यात निमंत्रितांची बॉक्सिंग स्पर्धा ठरली. हेवीवेट गटात तामलवाडीचा प्रेम उतरणार होता. वय बावीस, चालू वर्षाचा राज्य चॅम्पियन.

"चाळीस पुरी झाली की रिंगात घेत न्हायत," उत्तरेश्वर मला म्हणाला. "माझे सात म्हैने उरलेत, शंकर. एकदा तरी चालू चॅम्पियनला हाणून बगायचंय."

"त्या पोराम्होरं शंभरात पाच संधी हाय तुझी," मी खरं ते सांगितलं.

"पाच लई झाल्या."

पाच महिन्यांत त्यानं अकरा किलो वजन उतरवलं. पहाटे रस्त्यानं पळायचा, गोठ्यात वाळूचं पोतं टांगून ठोसे मारायचा. घरात अंडं चालत नव्हतं, म्हणून राजेश्वरी वहिनी परसात तीन दगडांची चूल मांडून वेगळ्या पातेल्यात त्याच्यासाठी अंडी उकडायच्या आणि मग अंघोळ करून घरात जायच्या. गावाला त्याचं हसू यायचं. पण उपांत्य लढतीत त्यानं लातूरच्या एका दणकट पोराला दुसऱ्या राऊंडमध्येच बसवलं, तेव्हा हसणारेच गाड्या करून अंतिम लढतीला आले.

त्याच्या कोपऱ्यात पाणी अन् टॉवेल घेऊन मी होतो. वजनाच्या वेळी प्रेम स्वतःहून आला, वाकून उत्तरेश्वरच्या पाया पडला. "काका, आमच्या कोचकडून तुमचं लई ऐकलंय," म्हणाला. पोरगं साधं होतं. लाजत बोलत होतं.

पहिला राऊंड सुरू झाला आणि उत्तरेश्वरचे ठोसे लागायला लागले. लोक शिट्ट्या मारू लागले. मी मात्र अगदी जवळून बघत होतो. प्रेमचा उजवा हात निघायचा अन् अर्ध्यातच थांबायचा. उत्तरेश्वर दोनदा पूर्ण उघडा पडला, तरी त्यानं मारलं नाही. वडीलधाऱ्या माणसाची भरल्या मांडवात बेइज्जती होऊ नये, म्हणून तो हात राखून खेळत होता.

राऊंड संपला. उत्तरेश्वर स्टुलावर बसला. धाप लागली होती, पण चेहरा उजळला होता. मी गप्प बसायला हवं होतं. मी त्याच्या कानाशी म्हणालो, "त्यो तुला खेळवायलाय रं. दया करायलाय तुझ्यावर."

त्याचा चेहरा बघता बघता काळवंडला.

दुसऱ्या राऊंडमध्ये तो पिसाळल्यासारखा धावून गेला. प्रेम सरकत राहिला, चुकवत राहिला. उत्तरेश्वरचा दम संपला, पाय जड झाले. तीन मिनिटं झाली, घंटा वाजली. प्रेमनं दोन्ही हात खाली घेतले आणि हसून डावा ग्लोव्ह पुढं केला. 'चांगलं खेळलात' असं सांगायची ती रीत आहे.

उत्तरेश्वरनं त्याच क्षणी उजवा हात पूर्ण ताकदीनं हाणला.

प्रेम आडवा पडला. उजवी भुवई फाटून रक्त डोळ्यात उतरलं. पंचानं उत्तरेश्वरला तिथल्या तिथं बाद केलं. पण आमच्या लोकांना घंटा ऐकूच गेली नव्हती. त्यांना एवढंच दिसलं, की आपल्या माणसानं चॅम्पियनला लोळवलं. ते नाचायला लागले, पंचाला शिव्या द्यायला लागले. उत्तरेश्वर रिंगच्या मधोमध उभा होता. ग्लोव्हजमधले हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

गावात बॅनर लागला. बँकेत येणारे लोक हात मिळवायला लागले. "पंच फितूर व्हता, पर पाडलात की त्येला!" उत्तरेश्वर सांगायचा, "घंटा झाल्ती. चूक माझी हाय." लोकांना तो त्याचा मोठेपणा वाटायचा.

एके दिवशी निकिता त्याला म्हणाली, "पप्पा, पोरी म्हणतेत तुमी जिंकलाव. म्या काय सांगू?"

"हरलो म्हण."

"का हरलाव म्हणून इचारलं तर?"

तो बराच वेळ बुटाचे बंद बांधत राहिला. मग म्हणाला, "घंटा झाल्यावर मारलं म्हणून सांग." पोरीनं वर्गात उभं राहून तसंच सांगितलं. वर्ग माझाच होता. मी फळ्याकडं तोंड केलं.

त्या रविवारी तो माझ्या दारात आला. "तामलवाडीला येतू का?"

मोटारसायकलवरून दोन-अडीच तास लागले. प्रेम द्राक्षबागेत गेला होता. त्याची आई, हरणाबाई, आम्हाला ओळखत नव्हती. स्पर्धेकडची माणसं असतील असं तिला वाटलं. तिनं चटई टाकली, चहा दिला.

"आठ टाके पडले लेकराला," ती सांगायला लागली. "राष्ट्रीयचं शिबिर हुकलं. त्येच्या जागी दुसराच गेला. दोन वर्सं राबला व्हता. ज्येनं मारलं त्येला लेकरं हायत का न्हाय, कुणास ठाव."

उत्तरेश्वरनं कप खाली ठेवला. "हाय, एक पोरगी हाय. त्यो म्याच, बाई."

हरणाबाई त्याच्याकडं बघत राहिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं पदर तोंडाला लावला अन् आत निघून गेली.

प्रेम आला तेव्हा उत्तरेश्वर अंगणात उन्हात उभा होता. तो त्या पोराच्या पाया पडायला वाकला. प्रेमनं त्याला वरच्यावर धरलं.

"काका, असं नका करू. माझंबी चुकलंच. हात राखायला नको व्हता म्या. तुमाला कळलं असंल, म्हणून राग आला असंल."

'त्याला नव्हतं कळलं, मी सांगितलं,' हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते बाहेर पडलं नाही. उत्तरेश्वरनंही माझं नाव घेतलं नाही. "तुझं कायबी चुकलं न्हाय," एवढंच तो म्हणाला. येताना तुळजापूरजवळ आम्ही चहाला थांबलो. कप तसाच ठेवून तो गाडीकडं गेला.

उत्तरेश्वरवर एक वर्षाची बंदी आली. ती उठवावी म्हणून त्यानं अर्ज केला नाही, कुणाकडं गेला नाही. बंदीतच त्याला चाळीस पूर्ण झाली.

पुढच्या वर्षी प्रेम राष्ट्रीय स्पर्धेत उतरला. पहिल्या दोन लढती जिंकला. तिसरीत गुणांनी पुढं होता, तेव्हा उजवी भुवई जुन्या टाक्यांवर पुन्हा उघडली आणि डॉक्टरांनी लढत थांबवली. उत्तरेश्वर ती बँकेच्या दारात उभा राहून मोबाइलवर बघत होता.

संध्याकाळी त्यानं प्रेमला फोन केला, तेव्हा मी शेजारी होतो. "काका, पुढच्या साली बगू," प्रेम म्हणाला. प्रेम पलीकडून दोनदा "हॅलो" म्हणाला, आणि मग त्यानंच फोन ठेवला.