जानरावांना न ऐकू आलेला आवाज

जानराव सरकटेंना दोन वर्षांपासून ऐकू कमी येत होतं, पण त्यांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. मानोऱ्याकडच्या एका धरणावर मच्छीमार सोसायटीची डिझेल इंजिनाची नाव ते चालवत आणि अधूनमधून माणसंही पलीकडच्या तांड्यावर सोडत. त्याआधी तीस वर्षं पाणी उपसायच्या इंजिनांवर गेली. त्या धडधडीनं उजवा कान पार गेला होता, डावा अर्धामुर्धा उरला होता. सोसायटीला कळलं तर नाव हातची जाईल, या धास्तीनं ते समोरच्याच्या ओठांकडे बघून मान हलवत.

सप्टेंबरातल्या त्या दुपारी नावेत त्यांच्याखेरीज तिघं होती. उपकेंद्राची नर्स साक्षी लसींचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. सोबत तांड्यावरचा रूपला आणि त्याची बायको गोमतीबाई. धरण भरून सांडव्यावरून पाणी पडत होतं. मध्यावर आल्यावर वारा सुटला, नाव कलंडू लागली. एकाएकी पायाखालची थरथर थांबली, तेव्हा जानरावांना इंजिन बंद पडल्याचं कळलं.

त्यांनी टाकीत डोकावलं. डिझेल तळाला गेलं होतं, नाव कलताच नळीत हवा शिरली होती. सकाळी टाकी बघायची राहून गेली होती. सोबतच्या कॅनमधलं उरलेलं डिझेल त्यांनी ओतलं, पण हवा निघाल्याशिवाय इंजिन धरणार नव्हतं.

"हवा धरली. काढा लागते," ते म्हणाले.

वारा नावेला सांडव्याकडे रेटत होता. रूपलानं बांबू खाली घातला, तो तळाला टेकला नाही. मग त्यानं एकुलतं वल्हं धरलं.

जानरावांनी फिल्टरचा बोल्ट सैल केला. फेस आला. बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू दिलं आणि बोल्ट आवळला. मग पंपाचा बोल्ट. पाना दोनदा निसटला. शेवटी इंजिनात डिझेल फवारणारं नोझल राहिलं. हवा पुरती निघाली की हँडल फिरवताना नोझल प्रत्येक फेऱ्याला कर्र वाजतं. काठावर ते नळीवर बोट ठेवून त्याचा ठोका ओळखायचे. इथं लाटांनी सगळी नावच हादरत होती.

अंदाजानं त्यांनी दोनदा हँडल मारून बघितलं. इंजिन लागलं नाही.

"भाऊ, सांडवा जवळ आला," रूपला म्हणाला. जानराव वळले नाहीत. गोमतीबाईनं त्यांचा खांदा हलवून बोट दाखवलं. पाणी जिथं खाली पडत होतं, तिथली पांढरी रेघ आता स्पष्ट दिसत होती.

जानराव साक्षीकडे वळले. "बाई, मले ऐकू येत नाई. मी हँडल मारतो. इथं कर्र वाजलं का मले हात लावून सांगा."

साक्षीनं डबा बाजूला ठेवून कान नोझलजवळ नेला. चार फेरे झाले. तिनं नाही म्हणून मान हलवली. जानरावांनी नोझलचा नट सैल केला. पुन्हा फेस. तो थांबताच नट आवळून त्यांनी हँडल धरलं. तिसऱ्या फेऱ्याला साक्षीनं त्यांचा गुडघा दाबला.

"दर फेऱ्याले येते?"

तिनं जोरात मान डोलावली. जानरावांनी उरलासुरला जीव लावून हँडल घुमवलं आणि इंजिनात दाब धरणारा खटका टाकला. काळा धूर निघाला, पायाखाली थरथर आली. जानरावांनी नाव वळवून तांड्याच्या काठाला लावली.

उतरताना साक्षी त्यांच्यासमोर उभी राहिली. "कवापासून, काका?"

"दोन साल झाले. तुमी सोसायटीत सांगसान?"

"मी नाई सांगत. तुमीच सांगा. कान तपासाले वाशीमले मी येतो तुमच्यासंगं."

संध्याकाळी त्यांनी बायकोला, रुख्मिणीला, सगळं सांगितलं. "मले ठाऊक हाय," ती म्हणाली. "मी मोठ्यानं कायले बोलतो मंग?"

दुसऱ्या दिवशी जानराव सोसायटीचा कारभार बघणाऱ्या हरिसिंगकडे गेले. भीती होती तसंच झालं, नाव रूपलाकडे गेली. इंजिनाची देखभाल मात्र त्यांच्याकडेच राहिली. डाव्या कानात आता ऐकायचं मशीन असतं. सांडवा वाहत असला की नाव पलीकडे टेकेपर्यंत जानराव काठावरून हलत नाहीत.