साडूभाऊंचा क्वालायजर

जगातला प्रत्येक आवाज मुळात बिघडलेला असतो आणि तो दुरुस्त करायलाच आपण जन्माला आलो आहोत, असं मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या आक्कांचे, हे यजमान. मूळचे बेडशाचे, नोकरी लोणावळ्यात रेल्वेत. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जी जादा इंजिनं लावतात, त्यांवर ह्यांची छत्तीस वर्षं गेली. गृहस्थ निवृत्त झाले, पण मागून वर ढकलायची खोड काही सुटली नाही. पूर्वी गाड्या ढकलायचे, आता आवाज ढकलतात.

सगळा घोळ सुनेनं केला. आपला जुना लॅपटॉप तिनं सासऱ्यांना दिला आणि वर वेळ जावा म्हणून इंटरनेटवरची कुठलीशी फुकटची साइट दाखवली. तिच्यात आवाजाची फाइल टाकली की समोर दहा उभ्या पट्ट्या येतात. डावीकडच्या जाड, घुमणाऱ्या आवाजाच्या, उजवीकडच्या बारीक, टोकदार आवाजाच्या. पट्टी वर सरकवली की तो आवाज वाढतो, खाली ओढली की कमी होतो, मग सुधारलेली फाइल उतरवून घ्यायची. झालं. कुणीही शहाणा माणूस एखादं गाणं सुधारून चहा प्यायला उठला असता. साडूभाऊ तीन वर्षं झाली, उठलेले नाहीत. ह्या यंत्राला ते 'क्वालायजर' म्हणतात. मी एकदा 'इक्वलायझर' असा नीट उच्चार करून दाखवला, तर म्हणाले, "तेच की. क्वालायजर."

बरं, सुधारायचं तरी काय? उजवीकडच्या सगळ्या पट्ट्या टोकाला भिडवायच्या, की सुधारणा संपली. बेडशाच्या भजनी मंडळानं सप्ताहातलं भजन मोठ्या कौतुकानं ह्यांच्याकडे पाठवलं. परत आलं तेव्हा टाळ कानात खिळे ठोकत होते आणि मृदंगाचा पत्ताच नव्हता. ज्या आबांनी तो तासभर घाम गाळून वाजवला होता, ते बिचारे चौकशी करत लोणावळ्यापर्यंत आले. ह्यांनी त्यांना समजावलं की मृदंग खालचा आवाज आहे, तो काय कसाही ऐकू येतो, त्याला कशाला वाढवायचा? आबा चिक्की घेऊन परत गेले. मला तर ह्याहून वाईट वागणूक मिळाली आहे. 'उद्या येतोय' असा निरोप मी बोलून पाठवावा, आणि तासाभरानं माझाच निरोप, माझ्याच पण चिमटा बसल्यासारख्या आवाजात, मला परत यावा. या की नका येऊ, ह्याचं उत्तर नाहीच.

त्यांच्या नातीच्या बारशाला तर कहर झाला. आक्कांनी म्हटलेला पाळणा रेकॉर्ड करून स्पीकरवर लावला होता आणि साडूभाऊ आतल्या खोलीत बसून पट्ट्या हलवत होते. स्पीकर किंचाळायला लागला तशी बाहेर बायकांनी कानांवर हात ठेवले. मी आत फोन केला आणि म्हटलं, डाऊन करा, सगळं डाऊन करा. तर आवाज दुप्पट चढला. आता ह्यातली गोम अशी, की रेल्वेच्या भाषेत मुंबईकडे जाणारी गाडी अप आणि मुंबईहून येणारी डाऊन. ती डाऊन गाडी घाट चढत लोणावळ्याला येते. ज्या माणसानं छत्तीस वर्षं डाऊन गाड्या वर ढकलल्या, त्याच्या लेखी डाऊन म्हणजे वरच. मी ओरडत होतो डाऊन, आणि ते इमानेइतबारे एकेक पट्टी वर नेत होते. पोरगी संध्याकाळपर्यंत रडत होती आणि तिचं नाव कुणालाही धड ऐकू आलं नाही.

हेही मी सोसलं. पण ह्या उन्हाळ्यात त्यांनी जे केलं, ते ऐकून तुम्हीच सांगा माझं चुकलं का.

माझी बायको जाऊन दोन वर्षं झाली. तिचा आवाज जाड होता, जरा घोगराच. फोनवर परकी माणसं तिला 'हां साहेब' म्हणायची आणि ती मजेत 'बोला' म्हणायची. त्या आवाजातला एकच निरोप माझ्याकडे उरला होता. आक्काकडे गेली असताना तिनं पाठवलेला. 'अहो, मी पोचले. कुकर भरून ठेवलाय, लावा, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा, विसरू नका.' मग पुढे आवाज खाली आणून भाऊजींबद्दल, म्हणजे साडूभाऊंबद्दल, काहीबाही. रोज सकाळी चहा झाला की मी तो ऐकायचो. फोन मरायला टेकला तेव्हा मी ती फाइल साडूभाऊंकडे पाठवली आणि बजावून सांगितलं, नुसती जपून ठेवा, हात लावू नका. 'बरं' म्हणाले. चार दिवसांनी फोन बंद पडला तो पडलाच. नवा घेतला, फाइल मागवली, ती आली, आणि मी लावली.

ती माझी बायको नव्हती. कुणीतरी चिरक्या आवाजाची बाई मला कुकर लावायला सांगत होती. घोगरेपणा साफ गेलेला, प्रत्येक 'स' सुईसारखा. माझ्या अंगाची आग झाली आणि पुढचं न ऐकताच मी ती बंद केली. मी तळेगावहून मिळेल ती लोकल पकडली आणि लोणावळा येईपर्यंत काय काय बोलायचं ते मनात घोकलं. चांगलं जिव्हारी लागेल असं घोकलं.

घरात शिरलो तर साडूभाऊ लॅपटॉपसमोरच. मी उभ्या उभ्या सगळं बोलून घेतलं. माझी शेवटची ठेव तुम्ही नासवलीत, इथपर्यंत बोललो. ते माझ्या तोंडाकडे बघत शांत ऐकत होते. तेवढ्यात परसातून आक्का ओरडल्या, "अहो, किती शिट्ट्या झाल्या?" स्वयंपाकघर तीन पावलांवर. कुकर मघापासून घर डोक्यावर घेत होता. साडूभाऊंनी मला विचारलं, "वाजली का एखादी?"

"तीन झाल्या," मी म्हणालो.

ते उठले, गॅस बंद करून आले. ते म्हणाले, "बसा पाव्हणं. मूळ फाइल हाय तशीच हाय, ती मी मोडीन व्हय? पर ती लावली तर धाकलीचा आवाज वळखू यायचा, शब्द न्हाई लागायचा. तुमचं रेकॉर्डिंगच खराब म्हणलं. मग वरचं वाढवत गेलो, वाढवत गेलो, तवा कुटं कळलं ती काय म्हणतीय."

"काय म्हणतेय?"

"भाऊजींना हल्ली कमी ऐकू येतंय. ते कबूल न्हाई करायचे. तुमी एकदा त्यांना कानाच्या डॉक्टरकडं न्या."

मी खाली बसलो. दोन वर्षं रोज सकाळी मी ते ऐकत होतो. तिचा आवाज ऐकत होतो, ती काय सांगतेय ते एकदाही ऐकलं नव्हतं. साडूभाऊंनी माझ्यापुढे पाणी ठेवलं. "तुमाला तर नीट ऐकू येत हुतं की, पाव्हणं," असं ते म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

पुढच्याच मंगळवारी मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. कानात यंत्र बसलं. घरी येऊन त्यांनी आपलीच सुधारलेली भजनं लावली आणि हे कुणी बिघडवून ठेवलं म्हणून माझ्यावर तापले. मग मूळचं भजन ऐकून आबांना स्वतः फोन करून मृदंग फार छान वाजवलाय म्हणून सांगितलं. क्वालायजर आता बंदच असतो. 'उद्या येतोय' असा निरोप पाठवला की हल्ली 'या' एवढंच उत्तर येतं. खरं सांगायचं तर मला त्याची अजून सवय झालेली नाही.

माझ्या फोनमध्ये तिच्या दोन्ही फायली आहेत. तिची आठवण आली की मी मूळची लावतो. पण ती काय सांगत होती ते ऐकायचं असलं, की साडूभाऊंचीच लावतो.