टणक पेन्सिली

एल्वा झिंक पेन्सिली घ्यायला आली, की ब्रिजवॉटरच्या वाइल यांच्या दुकानात काउंटरचा खिडकीकडचा कोपरा तिच्यासाठी मोकळा करावा लागे. बाकीची गिऱ्हाइकं पेन्सिल मागायची, पैसे द्यायची आणि चालायला लागायची. एल्वा आधी हातमोजे काढून ठेवी. मग पर्समधून चष्मा, छोटा चाकू आणि जाड कागदाची एक पट्टी बाहेर येई. मग ती म्हणे, "हं, काढा बघू."

मिस्टर वाइल निमूटपणे खोका पुढे सरकवत. प्रत्येक पेन्सिल ती काउंटरवर घरंगळवून बघे. डुगडुगली तर लाकूड वाकडं, बाजूला. बुडखा डोळ्यापाशी धरून शिसं बरोबर मधोमध बसलंय का ते बघे. मग टोक काढायचं आणि कागदावर अगदी फिकटापासून काळ्याभोरपर्यंत एका दमात छटा ओढायची. मध्ये कुठे बारीकशी कच लागली, की तिचा चेहरा खडा चावल्यासारखा होई. त्यानंतर रेघ बोटाने चोळून बघणं आणि खोडरबराने पुसून बघणं. एकाच खोक्यातल्या, एकाच नंबरच्या पेन्सिली. पण एल्वाच्या हाताला त्या कधीच सारख्या लागल्या नाहीत.

"मिसेस झिंक," मिस्टर वाइल एकदा न राहवून म्हणाले, "नवरा निवडताना एवढं पारखून घेतलं होतंत का?"

"तेव्हा जवळ चाकू नव्हता," एल्वा म्हणाली आणि पुढची पेन्सिल उचलली.

हा सगळा खटाटोप बैलांसाठी होता. जुलैच्या अखेरीस ब्रिजवॉटरला प्रदर्शन भरे. त्यात गाई-कोंबड्या, लोणची-मुरंबे सगळं असे, पण माणसं लोटत ती बैलांचा जोर बघायला. शिंगांना जू आवळलेली जोडी सिमेंटचे ठोकळे लादलेली घसरगाडी ओढायची आणि मालक बाजूने ओरडत चालायचा. जी जोडी जिंके, तिचं पेन्सिलीने काढलेलं चित्र पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात हॉलच्या भिंतीवर लागे. कितीतरी वर्षं ही चित्रं एल्वाच काढत आली होती. कुणी तिला नेमलं नव्हतं. जिंकणारा मालक बर्फ वितळल्यावर तिच्या दारात यायचा, टोपी हातात घेऊन म्हणायचा, "मग कधी येतेस आमच्याकडे?" आणि ती म्हणायची, "बघू, हातात काम आहे." हातात काम कधीच नसायचं. हे म्हणायला मिळावं म्हणून ती हिवाळाभर वाट बघायची.

तिच्या घरापलीकडे, एक कुंपण सोडून, तिचा दीर कार्मन राहायचा. त्याची बायको थेल्मा. एल्वापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, अंगाने जाड, आवाजाने त्याहून जाड, आणि चर्चच्या जेवणावळीत जिच्या टेबलावर सगळ्यात जास्त हसणं चाले अशी बाई. त्या वर्षी जानेवारीत ती विहिरीपाशी बर्फावरून घसरली आणि घोटा मोडून घेतला. पाय उशीवर टाकून नुसतं पडून राहणं तिला जमेना, म्हणून तिने पोरांच्या दप्तरातली पेन्सिल आणि बिलांच्या मागच्या कोऱ्या बाजू घेतल्या. तोंड उघडं टाकून झोपलेला कार्मन काढला. मांजर काढलं. पाद्रीबुवा काढले, प्रवचनाच्या आधी खिशात चष्मा शोधताना.

पाद्रीबुवांचं चित्र जेवणावळीत हातोहात फिरलं. माणसं टेबलावर हात आपटून हसली. "अरे, हुबेहूब! हुबेहूब तेच!" खुद्द पाद्रीबुवांनी ते घरी नेलं. एल्वाच्या हातात आलं तेव्हा तिने चष्मा लावून बघितलं. खांदे वर-खाली होते. हात म्हणजे केळ्यांचा घड. आणि तरी कागदावर पाद्रीबुवाच उभे होते, दुसरं कुणी नाही.

"छान आहे गं," ती थेल्माला म्हणाली. "फक्त पेन्सिल अगदीच रद्दी आहे."

"हो ना? मला काय कळतंय त्यातलं," थेल्मा हसत म्हणाली, आणि त्या हसण्यात जराही कडवटपणा नव्हता, याचाच एल्वाला अधिक राग आला. लोक आपल्या चित्रांना 'सुंदर' म्हणतात, 'फोटोसारखं' म्हणतात. पण आपल्या चित्रापुढे टेबलावर हात कधी कुणी आपटला नाही, हे तिला त्या दिवशी प्रथमच जाणवलं.

आदल्या वर्षी ऑब्री क्रूसची जोडी जिंकली होती. ऑब्री एल्वाच्या शाळेतला. मे महिन्यातल्या एका सकाळी तिने त्याचा हिरवा ट्रक चढावरून उतरताना पाहिला. तिने ॲप्रन काढला, केस सारखे केले, किटली चुलीवर ठेवली. ट्रक फाटकाशी आला, आणि न थांबता पुढे गेला. कुंपण ओलांडून थेल्माच्या दारात वळला.

एल्वा खिडकीशी उभी राहिली. ऑब्री उतरला, टोपी काढली, हातात धरली. पुढे काय बोलला असेल ते तिला पाठच होतं. मागे किटली ओरडायला लागली तरी तिला ऐकू आली नाही. शेवटी नवरा मरेने उठून ती उतरवली.

"येईल गं तुझ्याकडे पुढच्या वर्षी कुणीतरी," मरे म्हणाला.

"मी काही विचारलंय का तुला?" एल्वा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी थेल्मा लंगडत आली. खुर्चीत धपकन बसली आणि दोन्ही हात डोक्याला लावले. "एल्वा, मी काय करून बसले गं! हो म्हणून बसले. मी बैल कधी काढलेत? आणि तेही भिंतीवर लावायला! तू माझ्याबरोबर वाइलकडे चल. तूच निवडून दे पेन्सिली. तुझ्यासारखी पारख साऱ्या परगण्यात कुणाला नाही."

एल्वा म्हणाली, "चल." का म्हणाली ते तिला तेव्हाही ठाऊक होतं.

दुकानात तिने नेहमीसारखे हातमोजे काढले. बैलाच्या अंगावरचा केस, ओली नाकपुडी, डोळ्यातला गहिरा काळा यांना मऊ शिसं लागतं, 'बी' नंबरातलं. खडबडीत कागदावर ते अलगद बसतं, चुकलं तर उचलता येतं. 'एच' नंबरची पेन्सिल टणक. ती नकाशे काढणाऱ्यांची. दाबलं तर कागदात चर पडतो, आणि पडलेला चर कुठल्याही रबराने भरून येत नाही. हे एल्वाला स्वतःच्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. तिने एचच्या पेन्सिली घरंगळवल्या, बुडखे पाहिले, टोकं काढली. त्यातल्या अगदी निर्दोष अशा वेचून थेल्मापुढे ठेवल्या. वर खडबडीत कागद घ्यायला लावला, टणक टोक अडकेल असा.

"बैलांसाठी?" मिस्टर वाइल चष्म्यावरून बघत म्हणाले.

"स्वच्छ राहतं काम," एल्वा त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "ही हाताने फासते फार."

"बघा, ही कशी ओळखून आहे मला!" थेल्माने तिचा दंड धरला आणि घट्ट दाबला.

मग जून आला. थेल्मा रोज सकाळी ऑब्रीच्या गोठ्यात जाई आणि दुपारी गप्प गप्प परत येई. जेवणावळीत तिच्या टेबलावरचं हसणं ओसरलं. कार्मन एकदा मरेला म्हणाला, "घरात सगळीकडे कागदाचे बोळे. काय झालंय तिला, बोलत नाही." एल्वा बटाटे सोलत ऐकत होती. आनंद होईल असं तिला वाटलं होतं. आणि झालाही, खोटं कशाला बोलायचं. पण सोलून झालेलाच बटाटा ती पुन्हा सोलत राहिली.

एका दुपारी थेल्मा गुंडाळी घेऊन आली. टेबलावर उलगडली. चित्र फिकट, राखेसारखं. बैलांच्या अंगावर सगळीकडे चरे, जणू कुणी खिळ्याने ओरबाडलेलं. एका डोळ्यापाशी कागद फाटला होता.

"बघ," थेल्मा म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "एवढ्या चांगल्या पेन्सिली, तू पारखलेल्या, आणि माझ्या हाताने ही दशा. पोरांच्या पेन्सिलीने खेळायचीच माझी लायकी. मी ऑब्रीला सांगितलंय, एल्वाकडे जा म्हणून. तू रागावणार नाहीस ना? उशीर झालाय फार."

एल्वाने चित्र आपल्याकडे ओढलं. त्या ओरखड्यांच्या खाली डावा बैल मान किंचित वळवून जोडीदाराकडे बघत होता. 'तू थांबलास तर मीही थांबतो' असं म्हणणारं ते बघणं होतं. एल्वाने आयुष्यात इतके बैल काढले, त्यांतला एकही असा कुणाकडे बघत नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "रागावते कशाला."

ऑब्रीच्या गोठ्यात ती स्टुलावर बसली. जोडीची नावं ब्राइट आणि लायन, इकडच्या अर्ध्या जोड्यांची असतात तीच. डबा उघडून तिने आपल्या मऊ पेन्सिली मांडल्या. ऑब्री खराऱ्याने लायनची पाठ घासत होता.

"ऑब्री," तिने विचारलं, "आधी माझ्याकडे का नाही आलास?"

तो घासत राहिला. "राहू दे ना. आता तूच काढते आहेस."

"मी विचारतेय."

"वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं काम देखणंच असतं. पण एल्वा, तू काढलेले बैल कुणाचेही असोत, सगळे एकाच गाईचे वाटतात. खालची नावाची पट्टी वाचली नाही तर मालक कोण ते कळत नाही. थेल्मा इथे यायची ना, तिने आधी काही दिवस पेन्सिल काढलीच नाही. सलगम कापून चारायची, गप्पा मारायची. ह्या लायनला कान खाजवून घेतल्याशिवाय चैन पडत नाही, हे मला माहीत नव्हतं, तिने सांगितलं." त्याने खराऱ्यातले केस झटकले. "बिचारी रडली गं इथे. ह्या खांबाला टेकून."

एल्वाने रेघ ओढली. सुरेख रेघ, बरोबर जागी. मग तिने डबा बंद केला, "तब्येत बरी नाही" म्हणाली आणि निघाली. ती घरी गेली नाही. थेल्माच्या दारात जाऊन उभी राहिली.

थेल्मा कपडे वाळत घालत होती. एल्वाने डबा आणि कागदाची गुंडाळी पायरीवर ठेवली.

"त्या पेन्सिली चुकीच्या होत्या. ह्याच्यातल्या घे. आणि कागद हा."

"चुकीच्या? तू निवडल्यास त्या! चूक झाली तुझी?"

एल्वाला 'हो' म्हणता आलं असतं. तिच्या तोंडापर्यंत आलंही होतं. "नाही," ती म्हणाली. "माहीत होतं मला. दुकानातच माहीत होतं."

थेल्माच्या हातात ओली चादर होती. ती तिने हळूच टोपलीत परत ठेवली.

"मी तुझ्या घरी येऊन रडले, एल्वा."

"हो."

"तेव्हाही बोलली नाहीस."

"नाही."

"आधी सख्ख्या बहिणीकडे नाही, तुझ्याकडे आले." थेल्माचा जाड आवाज फाटला. "जा तू. आत्ताच्या आत्ता जा इथून. तुझं तोंड बघवत नाही मला."

एल्वा गेली. डबा पायरीवरच राहिला. दोन दिवस तो तिथेच दिसत होता. तिसऱ्या दिवशी पायरी रिकामी होती. तो चुलीत गेला की गोठ्यात, हे विचारायला एल्वाला तोंड नव्हतं.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी हॉलमध्ये भिंतीपुढे गर्दी होती. एल्वा मागे उभी राहिली, मग माणसं हलली तशी पुढे सरकली. ब्राइट आणि लायन भिंतीवर उभे होते. डोळ्यांतला काळा गहिरा होता. त्यासाठी कुठली पेन्सिल लागली असेल ते तिला लांबूनच कळलं. लायन जोडीदाराकडे बघत होता. ऑब्री चित्रापुढे नाक शिंकरत होता, आणि त्याची म्हातारी आई चित्रातल्या बैलाशी चक्क बोलत होती. एल्वाचा मत्सर पुन्हा पेटला, मे महिन्यापेक्षा जास्त. कबूल केलं म्हणजे तो विझेल, अशी तिची समजूत होती.

"थेल्मा, कुठून शिकलीस हे?" कुणीतरी विचारलं.

थेल्माने गर्दीवरून एल्वाकडे पाहिलं. "पेन्सिली एल्वाच्या आहेत," ती मोठ्याने म्हणाली. "ती पारखून देते मला."

माणसं एल्वाकडे वळून कौतुकाने हसली. हा मान होता की चपराक, ते तिला ठरवता आलं नाही. बहुधा थेल्मालाही नाही.

त्यानंतर दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. चर्चमध्ये मरे आणि कार्मन मध्ये बसत, बायका दोन टोकांना. ऑक्टोबरात कोबी तयार झाला. खारवायचा कोबी दरवर्षी दोघी मिळून चिरत. एकीने किसणीच्या फळीवर गड्डा दाबायचा, दुसरीने पिंपात थर लावून मीठ घालायचं. एल्वाने त्या वर्षी एकटीनेच फळी काढली होती. तेवढ्यात दार उघडलं आणि थेल्मा गड्ड्यांचं पोतं ओढत आत आली.

"माझ्याकडे फळी नाही," ती म्हणाली. "बोलायला आलेले नाही मी."

दोघी चिरत राहिल्या. पिंप अर्धं भरलं तेव्हा थेल्मा मिठाचा हात पुसत म्हणाली, "माझ्या चित्रात खोट काय आहे? सगळे नुसते वा वा करतात. तू खोटं बोलशील तर कळेल मला आता."

एल्वाने किसणी थांबवली. "ब्राइटचा मागचा पाय आखूड आहे. चांगला चार बोटं. तो बैल चालला तर पडेल."

"कधी दिसलं तुला?"

"हॉलमध्येच. पहिल्या नजरेला."

"आणि?"

"आणि बरं वाटलं," एल्वा म्हणाली. "एवढं बरं वाटलं, की जेवण गोड लागलं त्या दिवशी."

थेल्मा तिच्याकडे बघत राहिली. मग तिच्या पोटातून ते हसणं वर आलं, जेवणावळीतलं, इतकं, की ती पिंपाच्या काठाला धरून खाली बसली. एल्वाला हसू आलं नाही. ती नुसती फळीवर हात ठेवून उभी होती. थोड्या वेळाने थेल्माने डोळे पुसले.

"पाय कसा काढायचा ते दाखव मला," ती म्हणाली. "आज नको. आज मी अजून रागावलेली आहे."

"बरं," एल्वा म्हणाली आणि पुढचा गड्डा उचलला.